स्वमग्न मुलांचे भावशिक्षण आणि यंत्रसाहाय्य

माणसाचे मूल चालायला आणि बोलायला शिकते त्याच्या किती तरी आधी, कोणी हेतुपूर्वक न शिकवता, आईच्या मुद्रेवरून तिच्या मनाचा अदमास घ्यायला शिकते. अनोळखी पाहुणा दारात उभा राहिला म्हणजे वर्षाचे मूल एकवार त्याच्याकडे आणि लगेच आईकडे पाहते. ती निःशंकपणे हसत असेल तर तेही सैलावते आणि तिच्या कपाळावर आठी उमटली असेल तर तिच्यामागे दडते. या विद्येला शाळा नाही, क्रमिक पुस्तक नाही, आणि म्हणून ती विद्या आहे हेच आपल्या ध्यानात येत नाही. एखाद्या मुलाला ती आपोआप अवगत होत नाही असे आढळले म्हणजे मगच तिची गुंतागुंत आणि तिचे मोल आपल्यापुढे उभे राहते. स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेल्या, मुलांच्या बाबतीत पुष्कळदा हेच घडते. समोरच्याच्या भुवईची हालचाल, आवाजातील चढउतार, बोलता बोलता मध्येच आलेली स्तब्धता, या खुणांचा अर्थ इतर मुलांना जसा न मागता मिळतो तसा त्यांना मिळत नाही. आणि याहूनही कष्टाची गोष्ट अशी की, आपल्या स्वतःच्या अंतःकरणात उसळलेल्या क्षोभाला काय म्हणावे व तो दुसऱ्यापर्यंत कसा पोहोचवावा, हेही त्यांतील अनेकांना उमगत नाही.

अशा मुलांना भावनांची ओळख करून देण्याच्या कामी संगणक, चलच्चित्रे, यंत्रमानव आणि अलीकडे चष्म्यात बसवलेला कॅमेरा, अशी नाना साधने गेल्या अर्धशतकात योजली गेली. त्यांतून काय निष्पन्न झाले आणि यापुढे त्यांचा उपयोग कोणत्या धोरणाने करावा, याचा परामर्श या विषयाकडे प्रथमच वळणाऱ्या मराठी वाचकासाठी घेणे, एवढाच या प्रस्तावनेचा हेतू आहे. परंतु विवेचनास आरंभ करण्यापूर्वी आमचे मत नोंदवून ठेवणे उचित होईल. यंत्र हे या कामी खरोखर उपकारक आहे. मात्र मुलाला त्याच्या स्वतःच्या भावनेपर्यंत नेणे आणि तेथून त्याला एखाद्या जिवंत माणसाच्या सहवासात आणून सोडणे, हे त्याचे काम होय, आणि जे साधन मुलाला चेहरे ओळखण्याच्या परीक्षेस बसवून तेथेच थांबते ते आपले अर्धे काम टाकून देते. पुढील सर्व मजकूर या एका विधानाच्या समर्थनार्थ आहे.

प्रथम पूर्वेतिहासाकडे वळू. अमेरिकेतील बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाचे बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली ११ मुलांची सविस्तर हकिकत प्रसिद्ध केली आणि त्या निबंधाच्या शीर्षकातच या मुलांचा इतरांशी होणारा भावसंपर्क विस्कळीत असतो असे सुचवले. पुढील वर्षी व्हिएन्ना येथे हान्स आस्पर्गर यांनी काहीशी अशीच निरीक्षणे स्वतंत्रपणे मांडली. निरीक्षण सूक्ष्म होते, परंतु त्यावर उभारलेली अनुमाने दीर्घकाळ अन्यायकारक ठरली. आईबापांच्या, विशेषतः आईच्या, थंड आणि रुक्ष वागणुकीमुळे मूल स्वतःत मिटते असा ठपका या कुटुंबांवर ठेवला गेला. स्वतः एका स्वमग्न मुलाचे वडील असलेले मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलंड यांनी १९६४ साली या आरोपाचे सप्रमाण खंडन केल्यावरही ब्रूनो बेटलहाइम यांच्या १९६७ सालच्या ग्रंथाने त्यास पुन्हा प्रतिष्ठा मिळवून दिली, आणि आधीच खचलेल्या असंख्य मातांना मुलाच्या दुःखाबरोबर अपराधाचे ओझेही वाहावे लागले. आज हा आरोप पूर्णपणे निकालात निघाला आहे. तरीही एखाद्या आजीच्या किंवा शेजारणीच्या तोंडून तो अधूनमधून ऐकू येतो, म्हणून त्याची येथे मुद्दाम नोंद केली.

भावना ओळखण्याच्या प्रश्नाला शास्त्रीय चौकट लाभली ती १९८५ साली. सायमन बॅरन-कोहेन, ॲलन लेस्ली आणि युटा फ्रिथ यांनी लंडनमध्ये दोन बाहुल्यांचा एक साधा प्रयोग केला. सॅली नावाची बाहुली आपली गोटी टोपलीत ठेवून बाहेर जाते; ती नसताना ॲन नावाची दुसरी बाहुली ती गोटी काढून पेटीत ठेवते; परत आलेली सॅली गोटी कोठे शोधील, असा प्रश्न मुलाला विचारायचा. सॅलीला जे ठाऊक आहे ते आपल्याला ठाऊक असलेल्याहून निराळे आहे, हे ज्याला कळते तो टोपलीकडे बोट दाखवतो. प्रयोगातील २० स्वमग्न मुलांपैकी १६ जणांनी पेटीकडे बोट दाखवले. उलट, डाउन सिंड्रोम असलेल्या आणि सामान्य वाढीच्या मुलांतील बहुसंख्यांनी टोपलीचेच उत्तर दिले. दुसऱ्याच्या मनाची कल्पना करण्याची शक्ती या मुलांत कमी असते, असा निष्कर्ष यातून काढण्यात आला आणि पुढे दोन तपे त्याचाच अंमल या क्षेत्रावर राहिला.

या निष्कर्षाला कालांतराने दोन महत्त्वाच्या दुरुस्त्या दाखल कराव्या लागल्या. पहिली अशी की, भावना न ओळखण्याची अडचण सर्वच स्वमग्न व्यक्तींत सारखी नसते. स्वतःच्या भावनेचा स्वतःलाच उलगडा न होण्याची एक स्वतंत्र अवस्था काही माणसांत असते, ती स्वमग्न व्यक्तींत अधिक प्रमाणात आढळते, आणि ब्रिटनमधील जेफ बर्ड आणि रिचर्ड कुक या संशोधकांनी २०१३ साली मांडल्याप्रमाणे, दुसऱ्याचा चेहरा न वाचता येण्याचे मूळ पुष्कळ अंशी तेथे असावे. ज्याला आपला राग रागाच्या रूपाने जाणवत नाही त्याला दुसऱ्याचा राग कोणत्या आधारावर ओळखता यावा? दुसरी दुरुस्ती स्वतः स्वमग्न असलेले समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनी २०१२ साली सुचवली. त्यांचे म्हणणे असे की गैरसमज दोन्ही बाजूंनी होत असताना दोष मात्र एकाच्याच पदरी घातला जातो. स्वमग्न माणसाला इतरांचे मन कळत नाही असे म्हणणाऱ्या समाजाला स्वमग्न माणसाचे मन तरी कोठे कळते? पुढे झालेल्या प्रयोगांनी या म्हणण्याला बळकटी दिली. स्वमग्न व्यक्तींच्या चेहऱ्यावरील भाव ओळखताना इतर लोकही वारंवार चुकतात, आणि दोन स्वमग्न माणसे परस्परांशी बोलतात तेव्हा माहितीची देवाणघेवाण पुष्कळदा सुरळीत पार पडते, असे दिसून आले. सबब, भावशिक्षण हे एकतर्फी असून चालणार नाही, हे सूत्र आपण प्रारंभीच मान्य केले पाहिजे.

आता यंत्राकडे येऊ. स्वमग्न मुले आणि यंत्रे यांचे सख्य सहज जमते, हे पालकांनी फार पूर्वीच हेरले होते, आणि त्यास कारणेही तशीच आहेत. माणसाचा चेहरा क्षणाक्षणाला बदलतो; यंत्राचा प्रतिसाद ठरलेला असतो. शिक्षक कितीही सहनशील असला तरी तोच प्रश्न पुनःपुन्हा विचारला गेल्यावर त्याच्या स्वरात थकवा उतरतो आणि तो थकवाही मुलापुढे एक नवे कोडे होऊन बसतो. यंत्र शंभराव्या वेळीही पहिल्या वेळेइतकेच शांत असते. शिवाय यंत्रात गती मंद करण्याची सोय असते, आणि चेहऱ्याची हालचाल व आवाज धिम्या गतीने दाखवल्यास काही स्वमग्न मुलांना भाव अधिक अचूक ओळखता येतात असे फ्रान्समधील संशोधकांनी २००७ साली दाखवून दिले. १९६० च्या दशकातच अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात केनेथ कोल्बी यांनी न बोलणाऱ्या मुलांपुढे संगणकाचा कळफलक ठेवून पाहिला होता. १९७६ साली एडिंबरो येथे सिल्व्हिया वीर आणि रिकी इमॅन्युएल यांनी सात वर्षांच्या एका स्वमग्न मुलाला लोगो या संगणकभाषेच्या साहाय्याने जमिनीवर चालणारे कासव-यंत्र हाकायला दिले. आपण आज्ञा करावी आणि ती तंतोतंत पाळली जावी, हा अनुभव त्याला मिळाला, आणि त्या अनुभवाबद्दल तो आजूबाजूच्या माणसांशी आपण होऊन बोलू लागला. या लहानशा प्रयोगाचे महत्त्व आम्हांस पुढील अनेक मोठ्या प्रयोगांहून अधिक वाटते, कारण त्यात भावनेचा एकही पाठ नव्हता; मुलाच्या हाती सत्ता आली, सत्तेतून आनंद झाला, आणि तो आनंद कोणाला तरी सांगावासा वाटला.

भावनांचा प्रत्यक्ष पाठ देणारी साधने पुढे आली ती मुख्यतः केंब्रिज विद्यापीठातून. बॅरन-कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ च्या सुमारास भावनांचा एक संगणकीय कोश सिद्ध केला; त्यात ४१२ भाव २४ गटांत लावले होते आणि प्रत्येक भाव सहा निरनिराळ्या व्यक्तींनी चेहऱ्याने आणि सहा आवाजांनी व्यक्त केला होता. ज्यांना वस्तूंचे वर्गीकरण करण्याची, याद्या आणि कोष्टके पाहण्याची आवड असते, अशांना भावनांचा प्रदेशही कोष्टकाच्या वाटेने दाखवावा, ही त्यामागील कल्पना. प्रौढ स्वमग्न व्यक्तींनी काही आठवडे हा कोश अभ्यासल्यावर त्यातील आणि त्यासारखे भाव त्यांना चांगले ओळखता येऊ लागले. परंतु कोशाबाहेरील, प्रसंगांत गुंफलेले भाव ओळखण्यात त्या मानाने प्रगती दिसली नाही. लहान मुलांसाठी त्याच मंडळींनी ब्रिटिश सरकारच्या अर्थसाहाय्याने ‘द ट्रान्सपोर्टर्स’ ही १५ भागांची चित्रमालिका तयार केली. तिच्यात ट्राम, केबल कार, ट्रॅक्टर अशा वाहनांवर खऱ्या माणसांचे चेहरे बसवले आहेत, प्रत्येक भाग पाचेक मिनिटांचा आहे, आणि निवेदन स्टीफन फ्राय यांचे आहे. रुळांवरून ठरलेल्या मार्गाने जाणारी वाहने ही अनेक स्वमग्न मुलांची आवडती वस्तू. तिच्याकडे मूल टक लावून पाहत असताना वाहनावरचा चेहराही त्याच्या दृष्टीस पडावा, अशी ही सुज्ञ तजवीज होती. ४ ते ७ वर्षे वयाच्या मुलांनी चार आठवडे रोज ही मालिका पाहिल्यावर त्यांच्या भावज्ञानात लक्षणीय वाढ झाल्याचे २०१० साली जाहीर झाले. उलट, ज्यांची बौद्धिक क्षमता कमी आहे अशा मुलांचाही समावेश करून ऑस्ट्रेलियात झालेल्या चाचणीत लाभ फार थोडा आढळला. दोन्ही निष्कर्ष ध्यानी ठेवले पाहिजेत. एका मुलाला जे साधन फळले ते दुसऱ्यालाही फळेलच असे नाही.

पडद्यावरचा चेहरा हाताला लागत नाही. यंत्रमानवाला स्पर्श करता येतो. ब्रिटनच्या हर्टफर्डशर विद्यापीठात केर्स्टिन डॉटनहान आणि बेन रॉबिन्स यांनी २००५ पासून विकसित केलेला कास्पर हा लहान मुलाएवढा यंत्रमानव या दृष्टीने अभ्यसनीय आहे. त्याचा चेहरा बुद्धिपुरस्सर साधा ठेवला आहे, म्हणजे त्यावरील मोजक्या हालचालींनी मूल भांबावून जात नाही. त्याला गुदगुल्या केल्या तर तो हसतो. जोराने मारले तर दुखल्याचे सांगतो व तोंड लपवतो. आणि शेजारी बसलेला मोठा माणूस त्या क्षणाचा उपयोग करून, आपल्या हाताने दुसऱ्यास दुखते म्हणजे काय होते, हे मुलाला समजावतो. येल विद्यापीठाचे ब्रायन स्कॅसलाटी यांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात १२ कुटुंबांच्या घरी महिनाभर एक यंत्रमानव ठेवला होता. रोज अर्धा तास मूल, पालक आणि यंत्रमानव असे तिघे मिळून खेळत, आणि यंत्रमानव मधूनमधून पालकाकडे दृष्टी वळवून मुलाचे लक्षही तिकडे नेई. महिन्याअखेर, यंत्रमानव समोर नसतानाही, मुले मोठ्यांच्या नजरेचा मागोवा अधिक चांगल्या प्रकारे घेऊ लागली. या दोन्ही ठिकाणी यश आले ते तिसऱ्या व्यक्तीमुळे. खेळात माणूस हजर होता आणि यंत्राने त्याच्याकडे जाण्याची वाट दाखवली.

याच मालिकेतील सर्वांत धाडसी साधन म्हणजे स्टॅनफर्ड विद्यापीठातील डेनिस वॉल, कॅटलिन वॉस आणि निक हेबर यांच्या गटाने गूगलच्या चष्म्यावर रचलेली व्यवस्था. चष्म्याच्या चौकटीतील कॅमेरा समोरचा चेहरा टिपतो, भ्रमणध्वनीतील आज्ञावली त्या चेहऱ्याचे पृथक्करण करते, आणि समोरची व्यक्ती आनंदी आहे, रागावलेली आहे की घाबरलेली आहे, हे लहानशा चित्राने व आवाजाने मुलाला तत्क्षणी सांगते. ६ ते १२ वर्षांच्या ७१ मुलांवर केलेल्या चाचणीत ४० मुलांनी नेहमीच्या उपचारांबरोबर सहा आठवडे, आठवड्यातून चार वेळा, वीस-वीस मिनिटे हा चष्मा घरच्या माणसांच्या संगतीत वापरला, तर ३१ मुलांचे नेहमीचे उपचार तेवढे चालू राहिले. २०१९ साली जाहीर झालेल्या निष्कर्षानुसार सामाजिक व्यवहाराच्या एका प्रमाणित मापनात पहिल्या गटाची प्रगती दुसऱ्यापेक्षा सरासरी ४.५८ गुणांनी अधिक भरली. ही वाढ दुर्लक्षणीय नाही. परंतु २०२३ साली गूगलने त्या चष्म्याची विक्रीच बंद केली, आणि येल विद्यापीठाच्या प्रयोगात ज्या यंत्रमानवाचा उपयोग झाला तो बनवणारी कंपनीही पुढे बंद पडली. बाजाराच्या मर्जीवर अवलंबून असलेल्या वस्तूवर मुलाच्या शिक्षणाचा सारा भार ठेवणे किती जोखमीचे आहे, याचा यापेक्षा स्पष्ट दाखला शोधण्याचे प्रयोजन नाही.

या साऱ्या साधनांच्या मुळाशी एक गृहीतक आहे, आणि त्याचीच चिकित्सा आता करावयाची आहे. चेहऱ्यावरील अमुक हालचाल म्हणजे अमुक भाव, असे हे गृहीतक. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पॉल एकमन यांनी आनंद, दुःख, क्रोध, भय, किळस आणि विस्मय हे सहा भाव सर्व मानवजातीत सारख्याच मुद्रांनी व्यक्त होतात असे प्रतिपादन केले, आणि १९७८ साली वॉलेस फ्रीझन यांच्या सहकार्याने चेहऱ्याच्या स्नायूंच्या हालचालींची एक तपशीलवार नोंदपद्धती प्रसिद्ध केली. चेहरे वाचणाऱ्या बहुतेक यंत्रांची परंपरा तेथवर जाऊन पोहोचते. आपल्या नाट्यशास्त्राच्या अभ्यासकांस ही यादी अनोळखी वाटणार नाही, कारण शोक, क्रोध, भय, जुगुप्सा आणि विस्मय हे पाचही भाव भरताच्या आठ स्थायी भावांत आहेत आणि आनंदाच्या जवळ जाणारा हासही तेथे आहे. भरताने मुद्रेचा विचार कमी बारकाईने केला असेही नाही. नुसत्या दृष्टीचेच ३६ प्रकार त्याने सांगितले आहेत. परंतु भाव प्रतीत होण्यासाठी मुद्रा पुरेशी आहे असे मात्र तो कोठेही मानत नाही. ज्या कारणाने भाव उद्भवतो ते कारण, म्हणजे विभाव. ज्या चिन्हांनी तो बाहेर दिसतो ती चिन्हे, म्हणजे अनुभाव. आणि मुख्य भावाच्या अनुषंगाने येऊन जाणारे ३३ व्यभिचारी भाव, या सर्वांचा संयोग झाल्यावाचून रसनिष्पत्ती होत नाही, हा त्याचा सिद्धान्त सर्वश्रुत आहे. हा सिद्धान्त रंगभूमीसाठी सांगितलेला असला तरी घराच्या ओसरीवरही तो लागू पडतो. अनुभाव तेवढे शिकवून विभाव सोडून देणे, ही आजवरच्या पुष्कळशा यंत्रसाधनांची मूलभूत उणीव आहे. आणि लिसा फेल्डमन बॅरेट व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ साली उपलब्ध संशोधनाचा विस्तृत आढावा घेऊन, चेहऱ्यावरून मनातील भाव खात्रीने ओळखता येत नाही, संदर्भ पाहावाच लागतो, असा जो निर्वाळा दिला, तो याच उणिवेकडे बोट दाखवतो.

आपल्या घरांतील साधे प्रसंग घेतले तरी हे पटेल. मुलीची पाठवणी करताना आई रडते, परंतु ते रडणे आणि दवाखान्याच्या दारात बसून रडणे एक नव्हे. पंगतीत पाहुणा ‘नको, नको’ म्हणत असतो आणि वाढणारा त्याच्या पानात आणखी एक पोळी टाकतो. शब्दाला शब्द मानणाऱ्या स्वमग्न मुलाला या व्यवहारात पाहुण्यावर उघड अन्याय झालेला दिसतो, आणि त्याच्या दृष्टीने पाहिले तर त्याचे काही चुकतेही आहे असे नाही. रुसवा, भीड, कौतुक, संकोच, मोठ्यांपुढचा अदब, या भावांवर आपला बराचसा कौटुंबिक व्यवहार चालतो, आणि परदेशी नटांच्या चेहऱ्यांवर घडवलेल्या साधनांत त्यांचा मागमूस नसतो. मराठी मुलासाठी साधन करावयाचे तर त्यात मराठी घर असले पाहिजे. चेहरा दाखवण्यापूर्वी काय घडले ते दाखवले पाहिजे, चेहऱ्यानंतर पुढे काय झाले तेही दाखवले पाहिजे, आणि एकाच मुद्रेचे दोन प्रसंगी दोन अर्थ होतात हे मुलाला स्वतः निवड करून पाहू दिले पाहिजे. परस्परसंवादी यंत्राचे खरे सामर्थ्य येथेच आहे, कारण पुस्तकातील चित्र बदलत नाही, यंत्रातील प्रसंग मात्र मुलाच्या निवडीनुसार निराळे वळण घेऊ शकतो.

दुसऱ्याच्या भावनेविषयी इतके झाले. आता मुलाच्या स्वतःच्या भावनेविषयी. वर्गात अचानक मोठा आवाज झाला, मिरवणुकीतला ढोल जवळ आला, नेहमीची बस चुकली, की मूल कानांवर हात ठेवून किंचाळते, आणि आजूबाजूचे लोक त्यास हट्ट म्हणतात. त्या क्षणी त्याला शंभर चेहरे ओळखता येत असले तरी त्यांचा त्याला काय उपयोग? त्याला गरज असते ती ‘मला सहन होत नाही’ एवढे सांगण्याच्या साधनाची. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील औद्योगिक अभिकल्प केंद्रात प्राध्यापक रवी पूवय्या यांच्या मार्गदर्शनाखाली तयार झालेले ‘जेलो’ हे विनामूल्य संवादसाधन येथे उल्लेखनीय आहे. चित्रांवर बोट ठेवले की यंत्र मुलाच्या वतीने बोलते. हे साधन मराठीतही आहे. आणि आवडते, आवडत नाही, हवे, नको, अधिक, कमी अशा अर्थांच्या कळा त्यात वस्तूंच्या चित्रांबरोबर सदैव हाताशी ठेवलेल्या आहेत. चेन्नईत अजित नारायणन यांनी विकसित केलेले ‘आवाज’ हेही याच जातीचे साधन होय. वस्तूचे नाव सांगता येणे आणि त्या वस्तूविषयी आपल्याला काय वाटते हे सांगता येणे, या दोहोंतील अंतर फार मोठे आहे, आणि ते ओलांडण्याची सोय ज्या साधनात आहे ते, त्यात भावनांचा एकही धडा नसला तरी, आमच्या मते भावशिक्षणाचे उत्तम साधन आहे.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. मुद्रा ओळखायला शिकवणारी साधने पांगुळगाड्यासारखी असतात. मूल आपल्या पायांनी चालू लागले की ती माळ्यावर ठेवायची, आणि ती तेथे गेली हेच त्यांचे यश. संवादसाधनाचे तसे नाही. ज्या मुलाला वाणी नाही त्याची ती वाणीच आहे, आणि ‘यामुळे ते बोलायचे थांबेल’ अशा धास्तीने ती काढून घेणे म्हणजे त्याची कैफियत ऐकण्यास नकार देणे होय.

भावशिक्षण दुतर्फा असावे, असे आम्ही वर म्हटले. त्याचे एक उत्तम उदाहरण आपल्या शेजारीच, गोव्यात, घडले. मँचेस्टर येथील जोनाथन ग्रीन यांच्या गटाने विकसित केलेल्या पद्धतीत पालक आणि मूल यांच्या खेळाचे चित्रण करतात आणि नंतर ते पालकाला दाखवतात. मुलाने नजर केव्हा वळवली, हात केव्हा पुढे केला, आपण त्या वेळी घाईने काही बोलून त्याची संधी कशी घालवली किंवा थांबून ती कशी साधली, हे पालक स्वतःच्या डोळ्यांनी पाहतो. गोवा आणि पाकिस्तानातील रावळपिंडी या दोन ठिकाणी ६५ मुलांचा समावेश असलेली या पद्धतीची चाचणी झाली आणि २०१६ साली तिचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. गोव्यात ते काम ‘संगाथ’ या संस्थेमार्फत चालले होते. विशेष हे की चित्रण दाखवून मार्गदर्शन करणारे कार्यकर्ते तज्ज्ञ डॉक्टर नव्हते, त्यांना या कामापुरते प्रशिक्षण दिलेले होते. तरीही पालकांचा प्रतिसाद मुलाच्या कलाशी अधिक जुळू लागला आणि मुले आपण होऊन अधिक वेळा संवाद सुरू करू लागली. साधन काय, तर एक साधा कॅमेरा. आणि त्याचा विद्यार्थी कोण, तर आईबाप. ज्या देशात तज्ज्ञ थोडे, शहरे दूर आणि उपचाराचा खर्च बहुतेकांच्या आवाक्याबाहेर, त्या देशाने या उदाहरणाचा जितका विचार करावा तितका थोडाच आहे.

काही धोक्यांची सूचना देणे हेही प्रस्तावनाकाराचे कर्तव्य आहे. मुलाच्या चेहऱ्याचे, आवाजाचे आणि क्षोभाच्या प्रसंगांचे चित्रण ही त्याची खाजगी दौलत आहे. ती कोणाच्या दफ्तरात जाते, किती मुदतीपर्यंत राहते आणि कोणाला विकली जाते, याचा खुलासा लेखी मागितल्याशिवाय कोणतेही साधन घरात वा शाळेत आणू नये. युरोपीय संघाने २०२४ साली संमत केलेल्या कायद्यान्वये वैद्यकीय वा सुरक्षेचे कारण नसेल तर शाळांत आणि कामाच्या ठिकाणी चेहऱ्यावरून भावना हेरणाऱ्या यंत्रांना बंदी आहे. आपल्याकडील वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा अधिनियमही बालकांची माहिती हाताळण्यापूर्वी पालकांची पडताळणीयोग्य संमती आवश्यक मानतो. दुसरा धोका अधिक सूक्ष्म आहे. मूल हसण्याच्या जागी हसू लागले आणि डोळ्याला डोळा देऊ लागले की आपल्याला कृतार्थ वाटते. परंतु अनेक प्रौढ स्वमग्न व्यक्तींनी लिहून ठेवले आहे की, असा मुखवटा दिवसभर वागवण्याचे श्रम त्यांना आतून पोखरून टाकत होते. इतरांसारखे दिसणे हे शिक्षणाचे साध्य ठरवले तर यंत्र त्या जुलमाचे अधिक कार्यक्षम हत्यार होईल, इतकेच.

दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या अधिनियमात ज्या २१ प्रकारांची नोंद आहे त्यांत स्वमग्नतेचा समावेश आहे. तेव्हा या मुलांच्या शिक्षणाची तजवीज करणे ही कोणाची मेहेरबानी राहिलेली नाही. परंतु कायद्याच्या अंमलबजावणीला हात लागतात, आणि ते हात वाचकांचे आहेत. अभियंत्यांना आमची विनंती अशी की त्यांनी साधन तयार झाल्यावर मुलांकडे जाऊ नये. आराखड्याच्या पहिल्या दिवसापासून स्वमग्न व्यक्तींना, त्यांच्या पालकांना आणि विशेष शिक्षकांना सोबत घ्यावे, आणि मराठी घरांतील, गावांतील, निरनिराळ्या बोलींतील प्रसंग त्यात घालावेत. शिक्षकांनी साधनासमोर मुलाला एकटे बसवून इतर कामाला लागू नये. त्याच्या शेजारी बसावे आणि पडद्यावर दिसलेला भाव त्याच दिवशी वर्गात कोठे भेटला ते त्याला दाखवावे. आणि पालकांनी, नव्या साधनाची जाहिरात वाचून हरखण्यापूर्वी किंवा खर्चाच्या विचाराने खिन्न होण्यापूर्वी, तीन प्रश्न विचारावेत: या साधनाने माझ्या मुलाला स्वतःचे सुखदुःख सांगता येईल काय, त्याच्या योगाने ते माझ्याजवळ अधिक वेळ येईल काय, आणि त्याच्यामुळे मला माझे मूल अधिक कळेल काय. या तिन्हींची उत्तरे होकारार्थी असतील तर साधन साधे असो वा महाग, ते निःसंकोच वापरावे. नकारार्थी असतील, तर ते साधन कितीही चतुर असले तरी भावशिक्षणाचे साधन म्हणून त्याची शिफारस आम्ही करणार नाही.